हिशेबपट्टीच्या चारशे ओळी

नोव्हेंबर २०२३ मधील एका संध्याकाळी अमळनेर तालुक्यातील एका जिनिंगमधून, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातून, मुनीमजींचा फोन आला. "भाऊ, पट्टीमा हमाली दोनदा कटी गयी," एवढेच ते म्हणाले. काट्यापुढे गाड्यांची रांग लागलेली होती, आणि ज्या दोन भावांचा कापूस एकाच ट्रॉलीतून आला होता ते दोघेही आपापली पट्टी, म्हणजे विकलेल्या कापसाच्या हिशेबाचा कागद, हातात धरून त्यांच्यासमोर उभे होते. या पट्ट्या मी लिहिलेल्या संगणक प्रोग्रॅममधून निघतात, त्यामुळे चूक माझीच होती. दोघांच्या मालाचे वजन वेगवेगळे धरले जात होते, परंतु हमाली मात्र दोघांच्याही पट्टीत पूर्ण गाडीच्या वजनावर कापली जात होती. जळगावात माझ्या टेबलाशी बसून मी ती दुरुस्त केली तेव्हा एकच ओळ बदलावी लागली. ती ओळ कोणती, हे शोधण्यात मात्र सव्वाचार तास गेले.

त्या सव्वाचार तासांचा हिशेब मी पुढचे सहा महिने मनात करत राहिलो. अमळनेर म्हटले की आमच्या क्षेत्रातील लोकांना विप्रो आठवते, कारण १९४५ मध्ये वनस्पती तुपाच्या कारखान्याच्या रूपाने ती कंपनी तिथेच सुरू झाली. माझा अमळनेरशी संबंध त्यापेक्षा पुष्कळ साधा आहे: कापूस खरेदीची हिशेबपट्टी तयार करणारे एक फंक्शन (प्रोग्रॅममधील एक काम करणारा, नाव दिलेला तुकडा), जे मी २०१४ मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिले आणि त्यानंतर दरवर्षी थोडे थोडे बिघडवत नेले.

सुरुवातीला ते साठेक ओळींचे होते. भरल्या गाडीच्या वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा करायचे, उरलेल्या क्विंटलना भावाने गुणायचे, हमाली आणि तोलाई कापायची, रक्कम पूर्ण रुपयांत करायची आणि पट्टी छापायची. दुसऱ्या हंगामात फरदडीचा (मुख्य वेचण्यांनंतर राखलेल्या झाडांवरच्या कापसाचा) भाव वेगळा धरायचे ठरले. त्यानंतर ओलावा आला. भारतीय कापूस महामंडळाच्या हमीभाव खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान प्रमाणात कपात आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदी नाही, अशी पद्धत असते. या जिनिंगने त्याच धर्तीवर आपला नियम बेतला, परंतु १२ च्या वरचा माल परत न पाठवता मालक स्वतः तो हातात घेऊन पाहत आणि भाव ठरवत, त्यामुळे त्या एका सवयीसाठी आणखी एक अट लिहावी लागली. नोव्हेंबर २०१७ मध्ये शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरील जीएसटी खरेदीदारानेच भरण्याची तरतूद लागू झाली आणि शेतकऱ्याची पट्टी व नोंदणीकृत व्यापाऱ्याचे बिल यांचे रस्ते फंक्शनच्या मधोमध फुटले. मग पेरणीच्या वेळी दिलेली उचल आली, आणि शेवटी भाऊबंदांची सामाईक गाडी आली. प्रत्येक बदल दोन-चार ओळींचा होता, प्रत्येक वेळी हंगाम तोंडावर आलेला होता, आणि प्रत्येक वेळी एवढ्याने काय बिघडते, असे मी स्वतःला समजावले. २०२३ च्या दिवाळीपर्यंत त्या फंक्शनच्या ४१२ ओळी झाल्या होत्या आणि 'वजन' या एकाच नावाच्या चलाचा (आकडा साठवण्याच्या जागेचा) अर्थ त्यात तीन ठिकाणी बदलत होता: आधी गाडीचे वजन, मग निव्वळ वजन आणि शेवटी कपातीनंतरचे वजन. हमालीची चूक याच तिसऱ्या वळणावर दबा धरून बसलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी गुंतागुंत मोजण्याची साधने त्या फाइलवर चालवली. या मोजणीचे सर्वांत जुने आणि आजही सर्वाधिक वापरले जाणारे माप थॉमस मॅकेब यांनी डिसेंबर १९७६ मध्ये आयईईईच्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या नियतकालिकात मांडले. प्रोग्रॅमच्या प्रवाहाचा आलेख काढायचा, त्यातील कडांच्या (बिंदू जोडणाऱ्या रेषांच्या) संख्येतून बिंदूंची संख्या वजा करायची आणि त्यात २ मिळवायचे, हे त्याचे सूत्र आहे. व्यवहारात आलेख काढण्याची गरज पडत नाही, कारण एका फंक्शनपुरता हा आकडा म्हणजे त्यातील निर्णयांची संख्या अधिक १ इतकाच येतो. एकही अट नसलेल्या फंक्शनची गुंतागुंत १, एक अट असलेल्याची २, याप्रमाणे. हा आकडा फंक्शनमधून जाणाऱ्या परस्परांपासून स्वतंत्र अशा मार्गांची संख्या असतो, आणि म्हणून तितक्या मार्गांवरून एकदा तरी जाऊन पाहायचे असेल तर किती चाचण्या लागतील, याचा तो थेट अंदाज देतो. मला या मापाचा हाच उपयोग सर्वांत प्रामाणिक वाटतो. 'कोड चांगला आहे की वाईट' या प्रश्नाला तो उत्तर देत नाही आणि मॅकेब यांनी तसा दावाही केलेला नव्हता. १० ही वरची मर्यादा त्यांनी सुचवली, पण तिच्यात काही जादू नाही हेही त्यांनीच लिहून ठेवले.

रेडॉन या साधनाने माझ्या फंक्शनला ६७ गुण दिले. त्याच्या प्रतवारीत ४१ पासून पुढे सगळे 'एफ' श्रेणीत जाते, म्हणजे मी नापासांच्या यादीतही बराच खाली होतो. त्याच फंक्शनवर फ्लेकएट या दुसऱ्या साधनातील मॅकेब तपासणी चालवली तर आकडा ५१ आला. कोडमध्ये एक अक्षर न बदलता १६ गुणांचा फरक पडला, तो एका साध्या कारणाने: एकाच अटीतील 'आणि', 'किंवा' यांना रेडॉन स्वतंत्र निर्णय मानतो आणि दुसरे साधन मानत नाही. मॅकेब यांच्या मूळ लेखाप्रमाणे पाहिले तर दोन अटींची जोडअट दोन निर्णय म्हणूनच मोजायला हवी. मला सांगायचे आहे ते एवढेच की, एका साधनाचा आकडा दुसऱ्या साधनाच्या मर्यादेशी ताडून पाहणे म्हणजे पक्क्या मणाचा माल कच्च्या मणाच्या भावाने विकण्यासारखे आहे.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली, आणि ती ६७ पेक्षा अधिक बोलकी होती. याच प्रणालीत कापसाच्या वाणावरून पट्टीवर छापायचे नाव ठरवणारे एक फंक्शन आहे. एकामागून एक २१ पर्याय, प्रत्येकाला एक नाव, संपले. त्याची गुंतागुंत २२ भरते, तरीही कोणताही नवशिका ते चहा गार होण्याच्या आत वाचून समजू शकतो. या प्रकाराला मॅकेब यांनी स्वतःच आपल्या मर्यादेतून सूट दिली होती. सोनारसोर्स या कंपनीच्या कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी या मोजणीत तर अशा सरळ पर्यायमालेची 'स्विच' रचना केली तर तिला एकूण एकच गुण लागतो. तिथे मोजले जाते ते वाचणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे: अटीच्या पोटात अट गेली की खोलीप्रमाणे दंड वाढत जातो. एका मेथडसाठी (म्हणजे फंक्शनसाठी) तिथली प्रचलित मर्यादा १५ आहे.

हा फरक नीट कळावा म्हणून मी माझ्याच कोडमधील तीन अटी वेगळ्या काढून पाहिल्या: माल फरदड आहे का, ओलावा ८ च्या वर आहे का, आणि उचल बाकी आहे का. या तीन अटी एकाखाली एक लिहिल्या तर मॅकेबचा आकडा ४ येतो; एकीच्या पोटात दुसरी आणि तिच्या पोटात तिसरी अशा लिहिल्या तरीही ४ च येतो. कॉग्निटिव्ह मोजणी पहिल्या रचनेला ३ आणि दुसरीला ६ देते, कारण आतल्या अटींवर अनुक्रमे एक आणि दोन गुणांचा जादा भार पडतो. आता ब्रायन नेजमेह यांनी १९८८ मध्ये मांडलेले एनपाथ हे माप घेऊ. ते सुरुवातीपासून शेवटापर्यंतचे सगळे संभाव्य मार्ग मोजते, आणि त्याचा निकाल नेमका उलटा लागतो: एकाखाली एक असलेल्या अटींचे मार्ग ८ आणि एकमेकींच्या पोटातील अटींचे मार्ग ४. एकाखाली एक अशा दहा स्वतंत्र अटी असतील तर मॅकेब ११ म्हणतो आणि एनपाथ १,०२४. म्हणजे वाचायला सोपी असलेली रचना पूर्णपणे तपासायला अवघड असू शकते, आणि तपासायला आटोपशीर असलेली वाचताना धाप लागेल अशी असू शकते. दोन्ही मापे खरे सांगतात. प्रश्न फक्त एवढाच उरतो की आपल्याला त्रास वाचताना होतो आहे की तपासताना. माझ्या पट्टीत दोन्ही होता: अटी पाच पातळ्या खोल गेल्या होत्या आणि त्या खोलीतून बाहेर आल्यावर पुन्हा नवी रांग सुरू होत होती.

ओळींच्या संख्येविषयी फार लिहीत नाही. कोड तपासणाऱ्या साधनांपैकी रुबोकॉप मेथडला १० ओळींची मर्यादा घालतो, ईएसलिंटच्या संबंधित नियमात ५० आहे आणि चेकस्टाइलमध्ये १५०. एकाच प्रश्नाची उत्तरे पंधरा पटींनी वेगळी येत असतील तर लांबीची नैसर्गिक मर्यादा अशी काही नसते, हे मान्य करावे. पट्टी कागदावर छापणारे माझे फंक्शन ८० ओळींचे आहे, वरपासून खालपर्यंत सरळ आहे, आणि ते मोडण्याचा विचार माझ्या मनाला शिवलेला नाही.

मग मोडायचे कोणते आणि केव्हा, हे मी गिटच्या, म्हणजे कोडमधील प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनाच्या, नोंदींवरून ठरवले. गिटचा लॉग एखाद्या फाइलचाच नव्हे, तर एका फंक्शनच्या ओळींचाही इतिहास दाखवू शकतो. हिशेबपट्टीच्या फंक्शनला गेल्या तीन वर्षांत ६१ वेळा हात लागला होता. याउलट गाठींच्या वजनावरून खंडीचा हिशेब करणाऱ्या फंक्शनची गुंतागुंत २८ होती, ते दिसायलाही ओंगळ होते, परंतु २०१६ नंतर त्यात कोणी एक स्वल्पविरामसुद्धा बदललेला नव्हता. गाठ साधारण १७० किलोची आणि खंडी ३५६ किलोची धरतात. त्यात बदलण्यासारखे काही निघालेच नव्हते. ते मी तसेच सोडले. जिथे गुंतागुंत जास्त आणि वावरही जास्त, तिथेच काम काढायचे, असा नेम मी तेव्हापासून पाळतो. ज्या खोलीत कोणी जात नाही तिथला पसारा आवरण्यात सुटीचा दिवस घालवू नये.

मोडायचे ठरले तरी हंगामात हात लावणे शक्य नव्हते. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, जिनिंग बंद झाले, आणि जळगावचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक आहे की दुपारी बारा ते पाच घरात बसून कोड वाचण्याशिवाय दुसरे शहाणपणाचे काम त्या दिवसांत नसते.

पहिला प्रयत्न फसला, आणि तो कसा फसला हे सविस्तर सांगायला हवे. मी साधनाच्या आकड्याला डोळ्यांपुढे ठेवून कापणी केली. जिथे १० पूर्ण होतात तिथे चिरायचे, वेगळे फंक्शन करायचे, पुढे जायचे. दोन दिवसांत १४ फंक्शन्स झाली, प्रत्येकाची गुंतागुंत १० च्या आत, आणि रेडॉनच्या अहवालात सगळीकडे 'ए' आणि 'बी' दिसू लागले. तरीही ते वाचवत नव्हते. एका फंक्शनला नऊ चल द्यावे लागत होते आणि त्यातून पाच परत येत होते. नावे सुचेनात म्हणून मी 'रक्कम तयारी एक', 'रक्कम तयारी दोन' अशी नावे दिली होती. निर्णयांची एकूण संख्या जिथल्या तिथेच होती. फक्त पूर्वी एका पानावर असलेला गुंता आता चौदा पानांवर पसरला होता आणि तो जुळवण्यासाठी वाचणाऱ्याला इकडून तिकडे उड्या माराव्या लागत होत्या. मी गिटमधील ती सगळी शाखा (या बदलांसाठी काढलेली कोडची वेगळी प्रत) पुसून टाकली.

दुसऱ्या प्रयत्नाआधी मी अमळनेरला गेलो आणि मुनीमजींना विचारले की संगणक येण्यापूर्वी ते पट्टी कशी करत. त्यांनी कपाटातून जुने पट्टीबुक काढून दाखवले. छापील पट्टीवर पाच कप्पे होते: वजन, भाव, कपात, वजावट, देय. कपात म्हणजे मालाच्या दोषापोटी कमी केलेला भाव, आणि वजावट म्हणजे हमाली, तोलाई, उचल यांसारखा पैशातून कापला जाणारा खर्च. या दोन शब्दांत ते कधीही गल्लत करत नसत आणि माझ्या कोडमध्ये मात्र दोन्ही एकाच चलात मिसळले होते. "शेतकरी कपातीवर वाद घालतो, वजावटीवर घालत नाही, म्हणून ती वेगळी मांडायची," असे ते म्हणाले. माझ्या ४१२ ओळी कुठे कापायच्या, ते त्या पिवळ्या पडलेल्या पानावर आधीच आखून ठेवलेले होते. तेव्हापासून मी कोणतेही लांब फंक्शन मोडताना आधी हे पाहतो की वेगळ्या काढायच्या तुकड्याला ते काम करणाऱ्या माणसांच्या बोलण्यात नाव आहे का. नाव असेल तर देवाणघेवाणीचे चलही आपोआप दोन-तीनच निघतात. नाव नसेल, तर कापण्याची जागा बहुधा चुकलेली असते.

कापण्यापूर्वी चाचण्या लिहिणे भाग होते. जुन्या फंक्शनला एकही चाचणी नव्हती आणि ६७ मार्गांसाठी त्या हाताने लिहिण्याची माझी तयारी नव्हती. परंतु २०१८ पासूनच्या सहा हंगामांच्या पट्ट्या डेटाबेसमध्ये होत्या, आणि त्या त्या दिवसाचे भाव व दर प्रत्येक पट्टीसोबत जतन केलेले होते. त्या सगळ्या पट्ट्यांची माहिती मी जुन्या फंक्शनमधून पुन्हा चालवली आणि येणारी रक्कम छापलेल्या रकमेशी ताडली. फरक दोन प्रकारचे निघाले. पहिला प्रकार अपेक्षित होता, कारण काही नियम मधल्या वर्षांत बदलले होते. दुसऱ्या प्रकारात फरक नेमका एक रुपयाचा होता, आणि तो फक्त सुरुवातीच्या हंगामांतील, अगदी ५० पैशांवर आलेल्या रकमांतच दिसत होता. याचा उलगडा व्हायला एक रात्र गेली. पायथन २ बंद होणार म्हणून मी सगळा कोड पायथन ३ वर नेला होता, आणि त्या दोन आवृत्त्यांत रक्कम पूर्णांकात करण्याची रीत वेगळी आहे. जुनी आवृत्ती १४,३५२.५० चे १४,३५३ करत असे. नवी आवृत्ती अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून तिच्या हिशेबाने ते १४,३५२ होतात. मुनीमजी आणि शेतकरी दोघेही पन्नास पैशांचा रुपया धरतात. म्हणजे काही शेतकऱ्यांना कित्येक हंगाम एकेक रुपया कमी जात होता आणि तो कोणाच्याही लक्षात आलेला नव्हता.

ही चूक मी तिथल्या तिथे दुरुस्त केली नाही. रचना बदलताना वर्तन बदलायचे नाही, चुकीचे वर्तनसुद्धा नाही, हा या कामातील सर्वांत कंटाळवाणा नियम आहे, आणि तो मोडला की जुन्या-नव्यातील फरक आपल्या बदलामुळे आला की दुरुस्तीमुळे, हे सांगता येईनासे होते. आधी कप्पे वेगळे केले, प्रत्येक कप्प्यानंतर सगळ्या पट्ट्या जुन्या आणि नव्या कोडमधून चालवल्या, आणि पैशापैशाने आकडे जुळल्यावरच पुढचा कप्पा घेतला. नवव्या दिवशी काम संपले. त्यानंतर स्वतंत्र बदल म्हणून डेसिमल (पायथनमधील दशांश संख्यांचा अचूक प्रकार) वापरून पूर्णांकाची रीत मुनीमजींच्या रीतीप्रमाणे केली आणि राहिलेल्या रुपयांची यादी त्यांच्याकडे पाठवली.

आता मुख्य फंक्शन १८ ओळींचे आहे आणि त्याची गुंतागुंत ३ आहे. कपातीच्या फंक्शनची मात्र १४ राहिली. ओलावा, फरदड आणि मालकांचा स्वतःचा निवाडा हे तिन्ही तिथे एकत्र येतात, कारण प्रत्यक्षातही ते काट्याजवळ एकाच वेळी ठरतात. ते आणखी कापले असते तर १० च्या आत बसले असते, पण पुन्हा 'कपात एक' आणि 'कपात दोन' करण्याची वेळ आली असती. अमेरिकेच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेतही १० ही मर्यादा मान्य करून १५ पर्यंतच्या मर्यादाही यशस्वीपणे वापरल्या गेल्याचे नोंदवले आहे. मी त्या फंक्शनपुरता नियम शिथिल केला आणि त्याचे कारण वर एका ओळीत लिहून ठेवले. त्याच्या चाचण्या मात्र ७.९, ८, ८.१, १२ आणि १२.१ या प्रत्येक ओलाव्यासाठी वेगळ्या आहेत, कारण आजवरच्या कपातीच्या चुका याच सीमांवर झालेल्या आहेत.

२०२४ च्या दसऱ्यानंतर जिनिंगने हमाली क्विंटलवर न धरता ट्रॉलीमागे ठरावीक धरायचे ठरवले, आणि भावाभावांच्या सामाईक गाडीत ती निम्मी-निम्मी वाटायची असेही ठरले. तो बदल वजावटीच्या कप्प्यात नऊ ओळींच्या एका फंक्शनमध्ये झाला आणि चाचण्यांसकट पंचवीस मिनिटे लागली. मुनीमजींनी पहिल्या दिवशी प्रत्येक पट्टी कागदावर पुन्हा करून पाहिली, जे त्यांनी करायलाच हवे होते.

गेल्या आठवड्यात त्यांचा पुन्हा फोन आला. खंडीचा हिशेबही पट्टीसारखा कप्प्याकप्प्याने पडद्यावर दिसू शकेल का, असे ते विचारत होते. २०१६ पासून न हललेली ती २८ गुणांची फाइल मी उघडली आहे, आणि जुन्या गाठींची वजने चाचणीसाठी बाहेर काढायला घेतली आहेत.